बुद्धिबळाचे प्रक्षेपण व वार्तांकन

स्पर्धात्मक बुद्धिबळाचे डाव आणि त्यांच्या अनुषंगाने घडणाऱ्या घटना दूरचित्रवाणी, चित्रफीत किंवा आंतरजाल यांद्वारे प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य. क्रीडा-वृत्तव्यवसायाची ही एक विशेष शाखा होय. अन्य खेळांत चेंडूची वा खेळाडूची हालचाल हाच दृश्याचा विषय असतो. बुद्धिबळात मात्र खेळाडू तासन्‌तास जवळजवळ निश्चल बसलेले असतात आणि खरा संघर्ष त्यांच्या मनात चाललेला असतो. हा अदृश्य संघर्ष दृश्य करणे, ही या शाखेची मूलभूत समस्या आहे. [→ बुद्धिबळ].

इतिहास : या प्रकारच्या प्रक्षेपणाला व्यापक लोकप्रियता प्रथम १९७२ मध्ये लाभली. त्या वर्षी आइसलँडमधील रेक्याव्हीक येथे बोरिस स्पास्की (१९३७–२०२५) व बॉबी फिशर (१९४३–२००८) यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन (१९३६–२०१९) यांनी दूरमुद्रकाने येणारी प्रत्येक खेळी भिंतीवरील पटावर मांडून तिचे विवरण केले. दोन खेळ्यांमधील दीर्घ काळ पुढील खेळीविषयीच्या तर्कवितर्कांनी भरून काढण्याची त्यांची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. याच लढतीत कॅमेऱ्याचा उपद्रवही प्रकट झाला. चित्रीकरणाला आक्षेप घेऊन फिशर दुसऱ्या डावास आलाच नाही व तो डाव त्याच्या विरुद्ध गेला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर असलेल्या एका खोलीत खेळविण्यात आला. अखेरीस फिशरने ही लढत १२½–८½ अशी जिंकली.

ब्रिटनमध्ये बी. बी. सी.च्या ‘द मास्टर गेम’ या कार्यक्रमाने निराळा मार्ग अवलंबिला. डाव संपल्यानंतर खेळाडू त्या त्या क्षणीचे आपले विचार वर्तमानकाळात बोलून दाखवीत व ते पटावरील खेळ्यांशी जुळवून प्रक्षेपित केले जात. थेट प्रक्षेपणातील अनिश्चितता त्यात नसली, तरी खेळाडूच्या मनाचा ठाव घेण्याचा तो यशस्वी प्रयत्न होता. नॉर्वेतील एका स्पर्धेत २०१५ मध्ये योजलेला ‘कबुलीकक्ष’ हा त्याच कल्पनेचा पुढचा टप्पा म्हणता येईल. त्यात डाव चालू असतानाच खेळाडू एकांतात येऊन कॅमेऱ्यासमोर आपले मनोगत सांगतो. प्रतिस्पर्ध्याला ते ऐकू येत नाही.

तंत्र : संवेदक बसविलेल्या पटामुळे प्रत्येक खेळी आपोआप संगणकाकडे जाते व क्षणार्धात जगभर दिसू लागते. पटाच्या शेजारी सामान्यतः एक उभी मूल्यमापन-पट्टी दाखविली जाते. संगणकीय आज्ञावलीच्या मते कोणाची बाजू किती वरचढ आहे, हे ती दर्शविते. हे मूल्य प्याद्याच्या परिमाणात सांगतात, उदा., + १·०० म्हणजे पांढऱ्याची बाजू सुमारे एका प्याद्याइतकी सरस. या पट्टीमुळे नवख्या प्रेक्षकालाही डावाचा रोख कळतो. परंतु तिच्यामुळे एक विपर्यासही घडतो. खेळाडूला न दिसणारे उत्तर प्रेक्षकाला आधीच दिसत असल्याने श्रेष्ठ खेळाडूची चूक त्याला हास्यास्पद वाटू लागते. म्हणून खेळी चुकली एवढेच सांगून समालोचकाचे काम संपत नाही. योग्य खेळी शोधणे माणसाला का कठीण होते, उरलेला वेळ किती होता, कोणती भीती वा आशा खेळाडूच्या मनात असावी, हे उलगडून दाखविणे हेच त्याचे मुख्य कर्तव्य ठरते.

सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेला जगज्जेतेपदाचा चौदावा डाव या दृष्टीने उल्लेखनीय आहे. बरोबरीकडे झुकलेल्या डावात डिंग लिरेनने ५५ व्या खेळीस हत्ती चुकीच्या घरात नेला. हत्ती व उंट यांची अदलाबदल करून उरलेला राजा-प्याद्यांचा अंत्यडाव जिंकता येतो, हे दोम्माराजू गुकेशच्या ध्यानात आले, तो क्षण कॅमेऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर टिपला. पट्टीवरील आकड्यापेक्षा त्या मुद्रेनेच प्रेक्षकांना घटनेचे मर्म कळले.

मर्यादा व वाद : वार्ताहराला खेळाडूंची एकाग्रता अबाधित राखावी लागते. म्हणून छायाचित्रणाला बहुधा आरंभीची काही मिनिटेच मुभा असते व समालोचन स्वतंत्र कक्षातून केले जाते. प्रक्षेपणाचा गैरवापर होण्याचाही संभव असतो. कारण बाहेरील व्यक्ती खेळ्या पाहून संगणकाचा सल्ला खेळाडूपर्यंत पोहोचवू शकते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील सिंकफील्ड चषक स्पर्धेतून २०२२ मध्ये मॅग्नस कार्लसनने माघार घेतल्यावर तेथील प्रक्षेपण १५ मिनिटे उशिराने दाखविण्यात आले. खेळ्यांची मालकी हाही वादाचा विषय ठरला. २०१६ च्या जगज्जेतेपदाच्या वेळी खेळ्या अन्यत्र दाखविण्यास मनाई करावी, ही आयोजकांची मागणी न्यूयॉर्कमधील संघ-न्यायालयाने मान्य केली नाही. क्रीडाप्रसंगातील खेळी ही वस्तुस्थिती असून ती कोणाची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. चित्रण व समालोचन यांवरील हक्क मात्र निर्मात्याकडेच राहतात.

भारतातील स्थिती : भारतात या क्षेत्राची वाढ प्रामुख्याने आंतरजालावर झाली. मुंबईचे सागर शाह व अमृता मोकल यांनी ‘चेसबेस इंडिया’द्वारे स्पर्धास्थळी जाऊन मुलाखती, चित्रफिती व थेट समालोचन देण्याची प्रथा रुजविली. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. विजयानंतर आईला मिठी मारून रडणारी दिव्या असंख्यांनी पाहिली. त्यांतील अनेकांना पटावरील अंत्यडाव कळला असेलच असे नाही. अशा दृश्यांनी खेळाकडे नवा प्रेक्षक वळतो; तथापि त्याला अश्रूंकडून पटाकडे नेणे, हे या वृत्तव्यवसायाचे कार्य होय. केवळ चेहरे दाखविणारे प्रक्षेपण कुतूहल जागवते, तर केवळ आकडे दाखविणारे ते विझवते. या दोहोंचा मेळ घालून विचाराची वाट प्रेक्षकाला चालावयास लावणारे वार्तांकनच खेळाला न्याय देते.