काळ्या मातीत टायर कोणता चालतो? आधी मातीला विचारा

तुमचं वावर पांदणीच्या आत दीड-दोन किलोमीटर असेल, सोयाबीन काढून ढीग लागला असेल आणि परतीचा पाऊस डोक्यावर असेल, तर मालाची गाडी आत न्यायची की नाही हा प्रश्न तुम्हाला दरवर्षी पडतोच. ढीग भिजला तर भाव पडतो, आणि गाडी फसली तर ट्रॅक्टर बोलवा, भाडं द्या, वर पुढच्या माणसाचा रस्ता अडवून ठेवा. चांदूर रेल्वेच्या आसपास मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणूनच हा असतो : "चिखलासाठी टायर कोणता टाकू?"

माझा पीएच.डी.चा विषय चाक आणि माती यांचं नातं हाच आहे. पण टायरच्या दुकानात जायच्या आधी वावरात जाऊ.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून बनलेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणद्रव्य भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे पापुद्र्यांच्या थप्प्या. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते, उन्हाळ्यात ते निघून गेलं की माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चाकासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कोणत्याही मातीची पकड दोन ठिकाणांहून येते : कणांचं एकमेकांना चिकटणं आणि कणांचं एकमेकांवर घासणं. घासण्यातून येणारी पकड वजनाबरोबर वाढते, चिकटण्यातून येणारी वाढत नाही. मुरुमात आणि वाळूत बहुतेक पकड घासण्याची असते. ओल्या काळ्या मातीत मात्र पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे घासण्याचा हिस्सा जवळजवळ शून्यावर येतो आणि उरतं ते फक्त चिकटणं.

म्हणून "मागे दोन पोती टाका, चाक धरेल" हा सल्ला मुरुमावर खरा आहे आणि गाऱ्यात खोटा. गाऱ्यात पकड ठरते ती चाकाखाली किती चौरस सेंटीमीटर माती आहे यावर. वजन वाढवलं की चाक फक्त आणखी रुततं.

आता थोडा हिशेब. समजा ओल्या मातीची चिकटण्याची ताकद दर चौरस सेंटीमीटरला ०.२ किलो आहे. अशी माती साधारण त्याच्या पाच-सहा पट दाब उचलते, म्हणजे १.१ किलोच्या आसपास. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेएवढाच असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात १४ पौंड हवा असेल तर तो दाब होतो दर चौरस सेंटीमीटरला १ किलो. माती कशीबशी धरते. सहा टनांच्या भरलेल्या गाडीच्या टायरात ६५ पौंड असतील तर तोच दाब ४.५ किलो, मातीच्या ताकदीच्या चौपट! ती रुतणारच. रुतता रुतता प्रत्येक टायरखाली ५०० चौरस सेंटीमीटर जागा आली असं धरलं, तरी मागची चार टायरं मिळून ओढ मिळते ४०० किलोची. आणि गाऱ्यातून चाक पुढे ढकलायला लागतात वजनाच्या पंधरा टक्के धरले तरी ९०० किलो. नक्षी कितीही भारी असू द्या, ४०० मधून ९०० निघत नाहीत.

मग नक्षीचा उपयोग काय? आहे, पण माती बघून. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर वरचे चार बोटं गारा असतो आणि खाली माती अजून कोरडी, टणक असते. तिथे अरुंद, खोल नक्षीचा लग टायर उत्तम, कारण तो वरचा लेप कापून खालच्या टणक थराला जाऊन धरतो. जुन्या बंडीची लोखंडी धाव असलेली उंच, अरुंद चाकं हेच करायची. सप्टेंबरात मात्र माती खोलवर ओली झालेली असते. खाली धरायला काहीच नाही, आणि अरुंद टायर तुम्हाला थेट एक्सलपर्यंत घेऊन जातो. तिथे रुंद टायर आणि कमी हवा हवी.

दोन्हीतलं काय आहे हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. मातीची ताकद मोजायला आम्ही ३० अंशाचं टोक असलेली दांडी जमिनीत दाबतो आणि किती जोर लागला ते वाचतो. अमेरिकन सैन्यानं रणगाडे-ट्रक कुठून जातील हे ठरवायला दुसऱ्या महायुद्धानंतर हीच पद्धत विकसित केली. तुम्ही सळई घ्या. हाताच्या जोरानं वीतभर आत गेल्यावर अडली, तर लग टायरवर भरवसा ठेवा. लोण्यात गेल्यासारखी हातभर गेली, तर मालाची गाडी मुरुमाच्या रस्त्यावरच उभी करा आणि माल ट्रॅक्टरनं तिथपर्यंत आणा. तेही अर्ध्या ट्रॉलीच्या खेपांनी, कारण फसतो तो बहुतेक वेळा ट्रॅक्टर नाही, ट्रॉली. तिची टायरं अरुंद आणि गच्च हवेची असतात, ती नांगरासारखी चर पाडत येतात. ट्रॅक्टरला मोठे टायर टाकायला लोक पैसे काढतात, ट्रॉलीच्या टायरकडे कोणी बघत नाही.

आपली माती चिकट असल्यामुळे आणखी एक गोष्ट बघा : नक्षीच्या मधल्या जागा. त्या अरुंद असतील तर दोन फेऱ्यांत मातीनं भरतात आणि हजारोंचा टायर गुळगुळीत टायर होऊन बसतो. मधली जागा मोठी, आणि कडेला उघडी असलेली नक्षी घ्या, म्हणजे फिरता फिरता माती बाहेर फेकली जाते. सहाचाकी गाडीला मागे लग आणि पुढे वळायला सोपा रिब टायर ही आपल्याकडची जोडी ठीकच आहे. (बर्फाचं गणित उलटं असतं. बर्फ बर्फाला धरतो, म्हणून तिथे नक्षीनं बर्फ पकडून ठेवायचा असतो. त्यासाठी रबर थंडीत मऊ राहणारं आणि नक्षीवर बारीक चिरा असलेलं लागतं. संत्रा घेऊन हिवाळ्यात पार काश्मीरकडे जाणार असाल तर टायरच्या कडेला तीन शिखरं आणि हिमकण असलेली खूण शोधा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरेसं नाही. साखळ्या तरीही सोबत ठेवा.)

चाक गरगरायला लागलं की रेस वाढवू नका. ट्रॅक्टर थोडासाच घसरत असताना सर्वात चांगला ओढतो, घसरणं फार वाढलं की तो खड्डा खणतो. ओळखायचं कसं? मागच्या खुणा बघा. नक्षी स्पष्ट उमटली असेल तर ठीक, पुसट झाली असेल तर थांबा आणि वजन उतरवा.

आणि फसलाच, तर मागच्या चाकांपुढे लाकूड बांधून निघायचा प्रयत्न करू नका. चाक फिरू शकलं नाही की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरलाच एक्सलभोवती फिरवतो, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. यात दीड सेकंदाच्या आसपास वेळ जातो, क्लच दाबायला तेवढा पुरत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच लावा, एक्सलच्या वर कुठेही नाही, आणि ताणलेल्या साखळीजवळ पोरांना उभं राहू देऊ नका.

जूनच्या गाऱ्यासाठी हवा कमी केली असेल, तर डांबरावर चढल्याबरोबर पुन्हा भरा. कमी हवेचा टायर पळताना दर फेरीला दबतो, आतून तापतो आणि फुटतो. आता तर आपल्या तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. वावरातल्या हवेवर तिकडे एक किलोमीटरसुद्धा जाऊ नका.