पेटीवाला आणि एकट्याची वाट : गोविंदराव टेंबे यांचे पुनर्मूल्यमापन

गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) यांच्याविषयी लिहिताना आपल्याकडे दोन सूर लागतात. एक कौतुकाचा : पेटीवादक, संगीतकार, नट, नाटककार, लेखक असे सारे एकाच माणसात! दुसरा हळहळीचा : इतकी गुणवत्ता असून एका जागी स्थिरावले नाहीत. त्यांच्या कारकिर्दीत चढउतार आहेत, हे दोन्ही सुरांना मान्य आहे. पण हे चढ नेमके कुठे आले आणि उतार कुठे, याचा हिशेब मांडला तर त्यात एक संगती दिसते.

टेंबे यांची घडण कोल्हापुरातली. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते आणि १८८३ पासून चालत आलेल्या ‘गायन समाज देवल क्लब’मध्ये चांगले गाणे कानी पडत होते. पेटी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या बळावर हस्तगत केली. पुढे भास्करबुवा बखल्यांचा सहवास आणि मार्गदर्शन मिळाले. अल्लादियाखाँची प्रत्यक्ष तालीम मिळाली नाही, तरी त्यांच्या गायकीचे ऋण टेंबे यांनी आयुष्यभर मानले. थोडक्यात, त्यांचे शिक्षण मुख्यतः ऐकण्यातून झाले.

हे शिक्षण ज्या वाद्यावर उतरायचे ते वाद्य मात्र आपल्या संगीताला परके. सतारीची तार ओढता येते. पेटीची पट्टी दाबली की सूर लागतो आणि सोडली की थांबतो. सप्तकाचे बारा सूर कारखान्यातच ठरून आलेले असतात. मींड नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी यावर उपाय म्हणून वाद्यच बदलायचे ठरवले आणि बावीस श्रुतींची पेटी घडवून घेतली. ती प्रचारात रुळली नाही. दुसरा मार्ग हात बदलण्याचा होता. एक पट्टी सुटण्याआधी दुसरी धरायची, शेजारच्या सुराचा कण चाटून जायचे, भात्याचा दाब कमीजास्त करून सुराला श्वास द्यायचा. मींड वाजत नाही, पण ऐकणाऱ्याला तिचा भास होतो. एकल पेटीवादन उभे राहते ते या भासावर. साथ सोडून स्वतंत्र वादनाकडे वळलेले टेंबे या वाटेवरच्या पहिल्या मोठ्या कलावंतांपैकी एक.

साथीदाराचा कान दुसरेही एक काम करतो. समोरच्याच्या गळ्यात काय शोभेल, हे त्याला आधी कळते. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, तेव्हा टेंबे यांनी पूरब ढंगाच्या ठुमरी-कजरीसारख्या चाली मराठी पदांत आणल्या. नाट्यपदाला लवचीक, नखरेल वळण मिळाले. भामिनीच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांच्या गळ्याला ते असे बसले की त्यानंतर नाट्यसंगीताची चालच पालटली. इथे शब्द खाडिलकरांचे, गळा गंधर्वांचा आणि कान टेंबे यांचा.

उतार यानंतर लागतो. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. १९१५ साली बाहेर पडून त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ती फार काळ टिकली नाही. गंधर्व मंडळीने मात्र पुढच्याच वर्षी भास्करबुवांच्या चालींवर ‘स्वयंवर’ गाजवले. टेंबे यांनी नाटकेही लिहिली. ‘पटवर्धन’, ‘वरवंचना’ ही नावे आज अभ्यासकांनाच आठवतात.

१९३२ साली पुन्हा चढ येतो, आणि तोही कोल्हापुरातच. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात व्ही. शांताराम दिग्दर्शक होते, दुर्गा खोटे तारामती होत्या आणि हरिश्चंद्राची भूमिका व संगीत दोन्ही टेंबे यांचे होते. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचे. रंगभूमी, मैफल आणि पेटी यांचा एकत्रित अनुभव असलेला माणूस इथे उपयोगी पडणारच होता. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. ‘अमृतमंथन’पासून तिथे केशवराव भोळे संगीतकार म्हणून दिसू लागतात.

संगती ती हीच. ज्या कामाची चौकट दुसऱ्या समर्थ माणसाने आखली, तिथे टेंबे अव्वल ठरले. सगळा डोलारा एकट्याच्या खांद्यावर घेतला, तिथे तो डगमगला. याला अपयश म्हणण्याची घाई आपण करतो, कारण साथीदाराला आपण दुय्यम समजतो.

एकल पेटीवादनाचा निवाडा मात्र वेगळ्या मापाने करावा लागतो. मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ही बंदी सुमारे तीन दशके चालली. टेंबे तेव्हा साठीला टेकले होते. १९५५ साली ते वारले तेव्हाही बंदी उठलेली नव्हती. म्हणजे ज्या वाद्यावर त्यांची सर्वाधिक हुकमत, त्याला त्या काळच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर जागाच नव्हती. या वादनाची थोरवी ध्वनिमुद्रणांच्या संख्येवर मोजणे अन्यायाचे होईल. पी. मधुकर आणि गोविंदराव पटवर्धन यांच्यासारख्यांच्या हातून पेटी पुढे मैफलीत मानाने वाजली, त्या परंपरेच्या आरंभी टेंबे आहेत, हे प्रमाण अधिक भक्कम आहे.

शेवटच्या टप्प्यात त्यांच्या हाती लेखणी आली. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हे पुस्तक आणि अल्लादियाखाँचे चरित्र वाचताना जाणवते की हा माणूस स्वतःविषयी बोलतानाही दुसऱ्याचे गाणेच ऐकवत असतो. टेंबे यांना मालक किंवा नाटककार म्हणून मधल्या फळीत बसवावे लागेल. संगीतकार आणि पेटीवादक म्हणून ते पहिल्या फळीतले आहेत. अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा यांचे गाणे कसे होते हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांना मात्र आजही त्यांच्याच पुस्तकांकडे वळावे लागते.