दोन कप्प्यांची रुजवात

दुकानदार असो की देवस्थानचा पंच, दोन ठिकाणी लिहिलेला हिशेब एकमेकांशी ताडून पाहिल्यावाचून तो वर्षअखेरीस वही मिटत नाही. या ताडून पाहण्याला आपल्याकडे रुजवात म्हणतात. आज आपले दस्तऐवज, छायाचित्रे आणि हिशेब वह्यांतून निघून संगणकात जाऊन बसले आहेत. रुजवातीची सवय मात्र वहीबरोबर मागे राहिली. लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्यास ही रुजवात कशी घालता येते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार आपण येथे करू.

समजा, एखाद्या गावच्या वाचनालयाने आपल्या जीर्ण हस्तलिखितांची चित्रे काढून ठेवली आहेत. एक प्रत संगणकात आहे, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. जागा संपत आली म्हणून एक प्रत पुसावी असे ठरते. “दोन्हीकडे सारखेच आहे,” असे कोणीतरी सांगतो. कशावरून? फायलींची संख्या जुळली म्हणून? की नावे आणि आकार जुळले म्हणून? एका टिपणात १९४७ लिहिले असेल आणि दुसऱ्यात चुकून १९७४ पडले असेल, तर दोहोंचा आकार तंतोतंत सारखाच भरेल. म्हणजे नाव व आकार हा निव्वळ वरवरचा पुरावा. खरा पुरावा आतल्या मजकुराचा.

तो तपासणारी जुनी आणि भरवशाची आज्ञा म्हणजे ‘डिफ’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ती रचली आणि १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ती लोकांच्या हाती आली. दोन मजकुरांत एकाच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची लांबात लांब मालिका शोधावयाची आणि मालिकेबाहेर जे उरेल तो फरक समजावयाचा, हे तिचे तत्त्व. जेम्स हंट यांच्यासह मॅकिलरॉय यांनी त्याचे शास्त्रीय विवेचन १९७६ साली प्रसिद्ध केले. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. ही आज्ञा त्याला वडिलोपार्जित मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

दोन कप्पे, म्हणजे दोन डिरेक्टऱ्या, ताडावयाच्या असतील तर ‘डिफ’ला दोन खुणा जोडाव्यात. ‘आर’ ही खूण दिली की ती कप्प्यातील कप्प्यांतही शिरते. ‘क्यू’ ही खूण दिली की ओळीओळींचा तपशील न सांगता कोणत्या फायली भिन्न आहेत एवढेच सांगते. एखादी फाईल एकाच बाजूस असेल तर तेही कळविते. सारे जुळले तर ती काहीच बोलत नाही. पण या मौनाचा अर्थ जपून लावावा. आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते : ० म्हणजे फरक नाही, १ म्हणजे फरक आहे, आणि २ म्हणजे कामातच अडचण आली. एखादी फाईल वाचताच आली नाही तर २ येतो. अडचणीचे संदेश पडद्यावरून दडवून टाकले आणि हा अंकही पाहिला नाही, तर न तपासलेलेही जुळलेले वाटेल.

आणखी एक मर्यादा. ‘डिफ’ मजकूर पाहते. फाईल कोणाच्या मालकीची, ती वाचण्याची परवानगी कोणास, शेवटचा बदल केव्हा झाला, हे पाहत नाही. त्यासाठी, आणि दोन दूरच्या संगणकांवरील कप्प्यांसाठी, ‘आरसिंक’ उपयोगी पडते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ साली पुढे आणली. तिचे मूळ काम एका कप्प्याबरहुकूम दुसरा कप्पा करणे हे आहे. परंतु ‘एन’ खूण दिल्यास ती काहीही न बदलता, काय बदलले असते एवढेच सांगते. मात्र मुळात ती आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहून समाधान मानते. मजकूर पाहावयास लावण्यासाठी ‘सी’ खूण द्यावी लागते. मग वेळ अधिक लागतो. शिवाय फॅट पद्धतीच्या डिस्कवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने नोंदली जाते, त्यामुळे मजकूर तोच असूनही वेळ जुळत नाही. दुसऱ्या बाजूच्या जादा फायली कळाव्यात म्हणून ‘डिलीट’ची खूणही जोडतात, तेव्हा ‘एन’ हे एक अक्षर विसरले, तर तपासणी राहते बाजूला आणि फायली जातात पुसल्या!

तिसरा मार्ग ठशांचा. ‘शा-२५६’ पद्धतीने प्रत्येक फाईलचा ६४ अक्षरी ठसा निघतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. अशी ठशांची यादी करून ठेवली की दुसरी प्रत समोर नसतानाही, पाच वर्षांनी, पहिली शाबूत आहे की नाही हे कळते. यादीत नसलेल्या नव्या फायली मात्र या तपासणीत दिसत नाहीत.

आपल्या मराठी वाचकांस एक विशेष अडचण येते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो : एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला खाली टिंब जोडून. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. पण लिनक्स सामान्यतः नावांतील अंकसंकेत पाहतो, रूप नव्हे. त्यामुळे एकाच नावाची फाईल ‘फक्त इकडे’ आणि ‘फक्त तिकडे’ अशी दोनदा येऊ शकते. तेव्हा घाबरून जाऊ नये. त्या दोन फायलींचे ठसे ताडून पाहावेत.

इतके केल्यावरही एक प्रश्न उरतोच. फरक आहे हे यंत्र सांगते. खरे कोणते हे सांगत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची संशोधित आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तेथे पोथ्या ताडणे ही पहिली पायरी होती. पाठ निवडण्यास पंडितांचा विवेकच लागला. तसेच, दोन प्रती जुळल्या म्हणून त्या निर्दोष ठरत नाहीत. मूळ प्रत बिघडल्यावर दुसरी उतरविली असेल तर दोन्ही सारख्याच बिघडलेल्या असतील. म्हणून वाचनालयाच्या चालकांनी आधी मजकूर ताडावा, भिन्न निघालेल्या फायली स्वतः उघडून पाहाव्यात, ठशांची यादी करून ठेवावी. आणि मग जागेसाठी पुसण्याऐवजी नवी डिस्क घ्यावी. हस्तलिखित झिजत चालले असता त्याची दुसरी प्रत ही अडगळ नसते.