धडधड चालू असतानाच पट्टी काढा

शेळगावात उसाची खुरपणी चालू असताना एखादीची छाती अचानक धडधडू लागते. नाडी मिनिटाला 180, कधी 200 वर. घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी मिळवून बारामती गाठेपर्यंत मात्र सारं शांत. कार्डिओग्राम नॉर्मल! कुणी पित्ताची गोळी देतं, कुणी 'टेन्शन घेऊ नका' सांगतं. बायकांच्या वाट्याला हे 'टेन्शन' जरा जास्तच येतं. आणि नेमका अचानक धडधडण्याचा हा आजारही बायकांमध्ये अधिक.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज जाते ती एव्ही नोडमधून. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत 1906 साली तो दाखवून दिला. काहींच्या नोडपाशी दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. एखादा ठोका अवेळी पडला की वीज एकीने उतरते, दुसरीने चढते आणि घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. फेरीगणिक एक ठोका. म्हणून ही धडधड कळ दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते. काळजीने वाढलेली धडधड सावकाश चढते, सावकाश उतरते. रुग्णाला एवढा एक प्रश्न विचारला तरी बरंच उलगडतं.

हृदयात जन्मतःच एखादी जादा वाट असली तरी असंच होतं. अशी वाट तोडायला 1968 साली अमेरिकेत एका मच्छीमाराची छाती उघडावी लागली होती. आता जांघेतल्या शिरेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या तारा हृदयात नेतात. भूल बहुधा तेवढ्या जागेपुरती. मग डॉक्टर मुद्दाम धडधड सुरू करतात; टेबलावरचा रुग्णच सांगतो, 'हेच ते!' वाट सापडली की तारेचं टोक साठेक अंशांपर्यंत तापवून काही मिलिमीटरचा डाग देतात. पूर्वी पोटावर डागायचे त्यापेक्षा हे डागणं निश्चितच शहाणपणाचं. दोन वाटांच्या आजारात शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. मूळ वाटेलाच धक्का लागून पेसमेकर बसवायची वेळ शंभरात फार तर एखाद्यावर येते. तेही आधी समजून घ्यावं. हृदयाच्या ठोक्यांच्या इतर काही बिघाडांत मात्र इतकं हमखास यश नाही.

तर पुन्हा धडधडलं की बारामतीची वाट न धरता जवळ जिथे ईसीजी मशीन असेल तिथे जा आणि धडधड थांबवणाऱ्या इंजेक्शनाआधी कार्डिओग्रामची पट्टी काढून घ्या. तिचा मोबाईलवर फोटोही ठेवा. मशीन जवळ नसेल तर टेकून बसून पंधरा सेकंद रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी पाय वर धरायचे. 2015 च्या ब्रिटिश चाचणीत या युक्तीने 43 टक्के रुग्णांची धडधड थांबली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत 17 टक्के. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर मात्र हे काही न करता थेट 108.

पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांकडे जाताना ती पट्टी फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, भरती होण्याआधीच विचारा.