शाळा सुटते, ताण सुटत नाही. शिक्षकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी?

परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची नोंद आणि मग तास. मधल्या सुट्टीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश येतो, 'माहिती आजच्या आज पाठवा.' संध्याकाळी घरी वह्यांचा गठ्ठा आणि पालकांचे फोन. राज्यातील अनेक शिक्षकांचा दिवस असाच जातो. शिकवण्याचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. अर्धवट राहिलेल्या कामांचा ताण मात्र रविवारीही पाठ सोडत नाही.

बर्नआउट कसा ओळखाल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. त्याची तीन लक्षणे आहेत : अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटणे. वर्गात ते वेगळ्या रूपात दिसते. शंका विचारणाऱ्या मुलावर शिक्षक विनाकारण चिडतात, 'यांना कितीही शिकवा, काही उपयोग नाही' असे वारंवार म्हणू लागतात.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. निवडणुकीची कामेही सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले होते. कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास दिले आहेत आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळही धरला आहे. म्हणजे तयारी हे घरी उरकायचे जादा काम नाही; तो नोकरीचाच भाग आहे.

रोज काय करता येईल?

• नोंद ठेवा : शिकवण्याव्यतिरिक्त कोणत्या कामात किती वेळ गेला, हे दोन आठवडे लिहून ठेवा. 'फार काम आहे' या तक्रारीपेक्षा मुख्याध्यापकांसमोर ठेवलेला असा कागद जास्त बोलतो. कामाची वाटणी करायलाही तोच उपयोगी पडतो.

• वह्यांचे गट करा : सगळ्या वह्या एकाच दिवशी घेऊ नका. रोज एक गट तपासा. अनेकांनी केलेली चूक फळ्यावर एकदाच समजावून सांगा.

• फोनची वेळ ठरवा : पालकांना बोलण्यासाठी ठरावीक अर्धा तास द्या आणि तो वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. रात्री ग्रुप म्यूट ठेवा.

• आवाज जपा : गोंगाटावर ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरा. दोन तासांच्या मध्ये घोट-घोट पाणी प्या. घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

• बोला : वाडी-वस्तीवरच्या एक-दोन शिक्षकी शाळेत मन मोकळे करायला कोणी नसते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेटणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचे ठरवून घ्या.

जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही

प्राणायामाने रिक्त पदे भरली जात नाहीत. एकच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत मागणे थांबवणे, तातडीची कामे खरोखर तातडीची आहेत का हे पाहणे आणि आजारी शिक्षकाला अपराधी न वाटता रजा घेता येणे, हे मुख्याध्यापक, संस्था आणि प्रशासनाच्या हातात आहे.

मदत कधी घ्यावी?

झोप न लागणे, सतत उदास वाटणे, शाळेच्या नुसत्या विचाराने धडधड होणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत असून २४ तास चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.