खाणावळीला ज्ञानकोशात पान मिळेल काय?

चार बाके, पितळी तांबे, भिंतीवर खडूने लिहिलेले दरपत्रक आणि गल्ल्यामागे बसलेला मालक, एवढाच ज्याचा संसार, अशा लहानशा शाकाहारी उपाहारगृहाची नोंद ज्ञानकोशात व्हावी काय? प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु विकिपीडियासारखा संगणकीय ज्ञानकोश घरोघरी येऊन बसल्यापासून तो गंभीरपणे विचारला जातो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने बेळगावातील अशाच एका जुन्या खाणावळीविषयी तो मला विचारला आणि वर, "सर, तिथे जागेची तर टंचाई नाही!" असा युक्तिवादही जोडला.

जागेची टंचाई नाही, हे खरेच. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या संपादकांना कागदाचा आणि पृष्ठांचा हिशेब ठेवावाच लागे. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाला आणि २००३ पासूनच्या त्याच्या मराठी आवृत्तीला ती काळजी नाही. तिथली टंचाई निराळी, पडताळणीची आहे. लेखणी कोणाच्याही हाती येऊ शकते; म्हणून लिहिणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता आधार मागितला जातो. अन्न रुचकर आहे की नाही, मालक सज्जन आहे की नाही, हे तिथे कोणी पाहत नाही. त्या स्थळाशी लागाबांधा नसलेल्या विश्वसनीय लेखकांनी त्याविषयी पूर्वीच सविस्तर लिहिले आहे काय, एवढेच पाहतात. व्यवसायांच्या बाबतीत, विशेषतः इंग्रजी आवृत्तीत, कसोटी अधिकच कडक. उद्घाटनाची बातमी, जाहिरात, गिऱ्हाइकांचे शेरे जमेस धरीत नाहीत. निव्वळ गावच्या वृत्तपत्राने घेतलेली दखलही पुरत नाही.

शाकाहार वा साधेपणा मात्र आड येत नाही. झुरिकचे हिल्टल हे १८९८ सालचे शाकाहारी उपाहारगृह ज्ञानकोशात आहे. बंगळूरचे १९२४ सालचे मावळ्ळी टिफिन रूम्सही आहे. महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा रवा इडली आपण काढली, असे ते सांगतात. त्यांच्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले, म्हणून ती तिथे पोचली.

आमच्या खाणावळीविषयी कोणी लिहिले? खानापूर, चंदगडकडून शिकायला आलेली कितीतरी मुले तिथे महिनेवारीने जेवली. कोर्टाच्या कामासाठी आलेला शेतकरी आणि दुकानातला गुमास्ता एकाच बाकावर बसत. पाटी मराठीत आणि कानडीत. ज्वारीची भाकरी मागणाऱ्याची भाषा कोणी विचारली नाही. हे सारे तोंडी आहे. जुन्या वह्या रद्दीत गेल्या.

तेव्हा माझे उत्तर सरळ आहे: आज नाही. आणि नियमही योग्यच आहे. तो सैल केला तर ज्ञानकोशाची जाहिरातवही व्हायला आठवडा पुरेल. (शाळेच्या स्मरणिकेत देणगीदारांचे गुणगान छापावे लागलेल्या माणसास हे निराळे सांगायला नको.) मात्र एक गोष्ट आपले लोक विसरतात. आधार संगणकावरच सापडला पाहिजे, अशी अट नाही. छापील मासिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठ दिले तरी चालते. सीमाभागातील मराठी छापील मजकूर बराचसा कपाटांत आहे; शोधणाऱ्याला तो पडद्यावर दिसत नाही आणि मग काही लिहिलेच गेले नाही असा समज होतो. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ पासूनचा. त्याच्या जुन्या फायली, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका कोणी चाळल्या आहेत?

स्वतंत्र पान नसले तरी बेळगाव शहराच्या पानावर, खाद्यजीवनाच्या ओघात, एका भक्कम आधारावर एक वाक्य येऊ शकते. कुंद्याला मिळते तसे. विद्यार्थ्याला मी ते काम दिले आहे, शिवाय मालकांकडून जुनी दरपत्रके मागून त्यांची छायाचित्रे घ्यायलाही सांगितले आहे. ती माळ्यावर आहेत, आणि मालक आता ऐंशीच्या घरात आहेत.