जुन्या गाडीचे तेल : घट्ट की पातळ?

१९८७ची प्रीमियर पद्मिनी मामांकडून माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याबरोबर एक सल्लाही आला. दादरच्या ज्या गॅरेजात ती वर्षानुवर्षे जात होती, तिथला मालक म्हणाला, ‘‘साहेब, गाडी म्हातारी झाली. आता घट्टच तेल टाकायचं.’’ तक्रार अशी होती की इंजिन तापले आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा मिणमिणायचा. त्याने आधीचे २०डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-५० भरले, वर तेल घट्ट करणाऱ्या कसल्याशा द्रवाची एक बाटली ओतली. दिवा विझला. टॅपेटचा आवाजही कमी झाला. आम्ही खूश. चार महिन्यांनी खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनाच्या पोटातून हातोडी मारल्यासारखा आवाज येऊ लागला आणि गाडी टोचन करून खाली आणावी लागली. इंजिन उघडले तेव्हा कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे तांब्यापर्यंत झिजलेली होती आणि क्रँकशाफ्टवर नखाला लागतील एवढे ओरखडे होते.

घट्ट तेलाने इंजिन बिघडवले असे मी म्हणणार नाही. ते आधीच बिघडत चालले होते. तेलाने फक्त ते सांगणारा दिवा बंद केला. हे नेमके कसे घडले ते समजून घेण्यासाठी पुढची दोन वर्षे मी वंगणावर मिळेल ते वाचत गेलो. ‘जुनी गाडी म्हणजे घट्ट तेल’ हे वाक्य आपल्याकडे इतके प्रचलित आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही.

आधी डब्यावरचे आकडे. द्रवाच्या वाहण्याला आतून होणारा विरोध म्हणजे श्यानता, आपल्या बोलण्यातला दाटपणा. चकल्या तळायला बसलेल्या कुणालाही तिचा मुख्य गुण माहीत असतो : पिशवीतून संथ धारेने पडणारे तेल कढईत तापले की पाण्यासारखे हलते. इंजिनाच्या तेलाचेही तेच. बाजारातले साधारण २०डब्ल्यू-५० घेतले, तर ४० अंश सेल्सियसला त्याची श्यानता १६० सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि १०० अंशांना अठराच्या आसपास. म्हणजे ४० अंशांना जे तेल असते त्याच्या नवव्या हिश्शाइतकेच दाट तेल दुपारच्या रहदारीत बेअरिंगांना मिळते. पाणी खोलीच्या तापमानाला सुमारे एक सेंटिस्टोक असते, एवढे लक्षात ठेवले की अंदाज येतो.

अमेरिकेतल्या ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेने तेलांची प्रतवारी पहिल्यांदा १९११मध्ये केली. आज डब्यावर दिसणारे ‘एसएई’ ते हेच. ४० किंवा ५० हे आकडे श्यानतेचे माप नव्हेत, पट्ट्यांची नावे आहेत. १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असेल ते ३०, तिथून १६.३ पर्यंत ४० आणि १६.३ ते २१.९ म्हणजे ५०. गंमत अशी की एका कंपनीचे वरच्या टोकाचे ४० आणि दुसरीचे खालच्या टोकाचे ५० यांत जवळजवळ फरक नसतो. त्यामुळे ‘चाळीसवरून पन्नासवर गेलो’ हे ऐकायला मोठे वाटले, तरी नेहमीच्या तेलांत ती वाढ साधारण पाव पट असते.

‘डब्ल्यू’ म्हणजे वेट नव्हे, विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. २०डब्ल्यू तेल उणे १५ अंशांना इंजिन फिरू देते की नाही हे तपासलेले असते, १०डब्ल्यू उणे २५ अंशांना, ५डब्ल्यू उणे ३० अंशांना. खोबरेल तेल पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठते ते पाहणाऱ्या आपल्याला या प्रश्नाची कल्पना आहे, पण मुंबईत उणे १५ अंशांची पहाट उगवत नाही. ५डब्ल्यू घेण्यासाठी जादा पैसे मोजणारा मुंबईकर कॅनडाच्या हिवाळ्याचे पैसे भरत असतो. अगदीच वाया जातात असेही नाही, कारण असे तेल आपल्या पंचवीस अंशांच्या सकाळीही जरा लवकर वर चढते. पण निवडीचा मुद्दा आपल्याकडे प्रामुख्याने दुसऱ्या आकड्याचा आहे.

एकाच तेलाला दोन आकडे कसे मिळतात? मूळ तेल पातळच घ्यायचे आणि त्यात लांब साखळ्यांचे बहुवारिक मिसळायचे. थंडीत या साखळ्या गुंडाळून बसतात, उष्णतेत पसरतात आणि तेल फार पातळ होऊ देत नाहीत. पण बेअरिंगांच्या चिमटीतून आणि पंपाच्या दातांतून जाताना त्या तुटतात, मग तेल हळूहळू खालच्या पट्टीत घसरते. दोन आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितका या साखळ्यांवरचा भार साधारणपणे जास्त. कृत्रिम मूळ तेल मात्र काही अंतर स्वतःच भरून काढते. आपल्या बाजारातले २०डब्ल्यू-४० गावंढळ समजले जाते, पण उष्ण प्रदेशासाठी ते शहाणपणाचे तेल आहे : अंतर कमी, साखळ्या कमी, मोडतोड कमी.

पद्मिनीचे इंजिन तर या सगळ्याच्या आधीचे. १,०८९ घन सेंटिमीटरचे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे हे यंत्र फिआटने १९३७मध्ये आणले. कुर्ल्याच्या कारखान्यात ते दशकानुदशके बनत राहिले. गाडीचे नाव फिआटवरून पद्मिनी झाले तरी इंजिनाचा सांगाडा तोच राहिला. दोन आकड्यांची तेले सर्रास झाली ती पन्नाशीच्या दशकापासून. त्याआधी थंडीत तीस, उन्हाळ्यात चाळीस अशी ऋतू पाहून तेले बदलत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या इंजिनाची मूळ कल्पना तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती.

आता त्या दिव्याकडे वळू. तेलाचा पंप दाब निर्माण करतो असे आपण समजतो. तो दाब नव्हे, प्रवाह निर्माण करतो. दातेरी चाके प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतात. ते बेअरिंगांच्या फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्याचा दाब होतो. म्हणून दाब दोन गोष्टींनी घटतो : तेल पातळ झाले, किंवा फटी रुंदावल्या. दोन्हींचा दिवा एकच.

आणि इथे एक हिशेब आहे, तो मला आधी कुणी सांगितला असता तर क्रँकशाफ्ट वाचला असता. बेअरिंगच्या कडेने निसटणारे तेल श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असते, पण फटीच्या घनाच्या प्रमाणात. फट दीडपट झाली तर गळती सव्वातीन पटींहून अधिक. दुप्पट झाली तर आठपट. समोर आपण काय उभे करतो, तर चाळीसऐवजी पन्नास, म्हणजे पाव पट जादा दाटपणा. बाटलीतला द्रव धरून दीडपट म्हणा. झिजलेल्या बेअरिंगशी ही लढत बरोबरीची नाही. दिवा विझायला मात्र फार काही लागत नाही, कारण दाब अगदी तळाला, पाच-सहा पौंडांच्या आसपास गेल्यावरच तो पेटतो. सातला तो गप्प असतो. पंचवीस आणि सात यांतला फरक दिव्याला कळत नाही.

बेअरिंगमध्ये तेल नेमके काय करते हेही १८८३पर्यंत धड माहीत नव्हते. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. वंगण घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी तिथून बाहेर उसळू लागले. बूच मारले, ते ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. शेवटी त्याने दाबमापक लावला आणि काटा मोजपट्टीच्या पलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेल पाचरीसारख्या निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्ये याचे गणित मांडले, आणि आजही वंगणशास्त्र त्याच समीकरणावर उभे आहे. धातू धातूला शिवतच नाही, मध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो. तो टिकायला तीन गोष्टी लागतात : गती, दाटपणा आणि बेताची फट. घाटात कमी वेगावर, जड भाराने, रुंदावलेल्या फटीत त्यांपैकी दोन गेलेल्या असतात. आमच्या गाडीने दम तिथे सोडला यात नवल नाही.

मग जास्तीत जास्त दाट तेल का नको? कारण ते सकाळी वर पोहोचत नाही. पंपाजवळ दाबनियंत्रक झडप असते. थंड, घट्ट तेलाला दाब चढला की ती उघडते आणि तेल बेअरिंगांकडे न जाता पुन्हा तळाच्या टाकीत पडते. दिवा लगेच विझतो, काटा छान वर असतो, आणि वरचा रॉकर शाफ्ट मात्र तेलाची वाट पाहत कोरडा घासत असतो. शिवाय तेल घट्ट असेल तर घुसळण्यात ताकद जाते आणि तेलच तापते. हल्लीच्या छोट्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ भरतात ते याच शक्तीच्या बचतीसाठी, पण त्यांच्या फटी, पंप आणि पृष्ठभाग त्या तेलासाठी घडवलेले असतात. ते पाहून पद्मिनीत पातळ तेल भरणे हा उलट्या दिशेचा तोच अविचार.

पद्मिनीला पातळ तेल न चालण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते श्यानतेत दिसत नाही. तिच्या इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासत जातो. तिथे तेलाचा पापुद्रा पुरा पडत नाही. जस्त आणि फॉस्फरसचे एक संयुग धातूवर बळीचा थर धरते आणि स्वतः झिजते. फॉस्फरस धुराड्यातल्या उत्प्रेरकाला मारक असल्याने नव्या प्रतींत त्यावर मर्यादा आली. २००४च्या ‘एसएम’ प्रतीपासून ती ०.०८ टक्के आहे. मात्र ही मर्यादा ३० आणि त्याखालच्या पातळ श्रेणींना आहे, ४० आणि ५०ला नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला उत्प्रेरकच नाही, तेव्हा तिला वाचवायचे ते टॅपेट. म्हणून मी चाळीसच्या खाली जात नाही.

दुकानात जाण्याआधी डिपस्टिक काढून वास घ्यावा, हे मला कुर्ल्याच्या एका वयस्कर मेस्त्रींनी शिकवले. या इंजिनाचा पेट्रोल पंप कॅमवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट तेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढते, तेल पातळ होते, दिवा मिणमिणतो, आणि लोक घट्ट तेल विकत आणतात. पडद्याची किंमत तेलाच्या डब्याहून कमी असते. डिझेलने इंजिन धुण्याची आपल्याकडची रीतही अशीच. खोबणीत उरलेले डिझेल नव्या तेलात मिसळते. धुराचेही वाचन करता येते. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर पाय काढल्यावर निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर. चढावर जोर देताना सतत आला, तर रिंगांवर. गाइडमधून उतरणारे तेल घट्ट श्रेणीने थोडे आवरते, हे खरे. तेवढ्यासाठी, आणि इंजिन उघडायचे पैसे जमेपर्यंत, पन्नासला माझा विरोध नाही. ते औषध आहे असे समजू नये.

इंजिन पुन्हा बांधून झाले. क्रँकशाफ्ट घासून खालच्या मापाची बेअरिंगे बसवली. आसाच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंच फट ही जुनी अंदाजी रीत. मेस्त्रींनी प्रत्येक फट मोजून वहीत लिहिली. मी विचारले, ‘‘आता पन्नासच भरायचं ना? गाडी तर तीच.’’ ते म्हणाले, ‘‘गाडी तीच आहे हो, फटी त्या नाहीत.’’ अडतीस वर्षांच्या त्या गाडीत २०डब्ल्यू-४० गेले.

मीही एक खर्च केला. दिव्याच्या जागी टी-जोड घालून शेजारी खराखुरा दाबमापक बसवला. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब, तेही तेल पूर्ण तापल्यावर, हा जुना ठोकताळा. गेल्या मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, दादर टीटीच्या सिग्नलला पाऊण तास रखडून काढल्यावर काटा अठरावर होता. मामा शेजारी बसले होते. त्यांनी दिवा शोधला, तो न पेटलेला पाहून समाधानाने मान हलवली, आणि म्हणाले, ‘‘बघ, घट्ट तेल टाकलं की कसं बरं वाटतं.’’ मी काही बोललो नाही.